बिनझेंड्याची गाडी

२८ नोव्हेंबर १९९३, रविवार

खरा हिशोब आज मांडून ठेवतो. गाडीची पुढची काच गेली, नवी बसली. सूर्यभानच्या कपाळाला टाके पडले, ते निघतील. माझ्या तोंडून एक वाक्य गेलं, ते मात्र कुठल्याच गॅरेजात दुरुस्त होणारं नाही. दोन वार कापडाची ही किंमत.

घडलं ते असं. माझी एक बस आहे, ‘ख्रिस्तकृपा’. सकाळी पडेगाव, छावणी, नगर नाका करत वाळूजला कंपनीत माणसं सोडायची आणि संध्याकाळी परत आणायची. विद्यापीठाच्या नावाचं प्रकरण पुन्हा तापलंय. कुठल्या चौकात निळा झेंडा पाहून गाडी सोडतात, कुठल्या चौकात भगवा. मी म्हटलं, आपण दोन्ही ठेवू. बायकोकडून, आशाकडून, दोन्हींचे काठ शिवून घेतले आणि ड्रायव्हरच्या सीटखाली ठेवले. चौक बघायचा, झेंडा लावायचा. शिवताना आशानं विचारलं होतं, “यातला आपला कुठला?” मी हसलो. बायकांना धंदा कळत नाही.

गुरुवारी संध्याकाळी परतताना सूर्यभाननं एकही लावला नाही. चौकात दगड आला. पोरं कुठल्या बाजूची, ते इथंही लिहीत नाही. दोन्ही बाजूंची माणसं माझ्याच गाडीत बसतात. रक्त पुसत पुसत त्यानं गाडी पडेगावपर्यंत आणली. आत कुणाला खरचटलं नाही. मी स्टॉपवर उभा होतो. माझा पहिला शब्द, “काच!” आणि मग सगळ्या गाडीनं ऐकलं ते, “झेंडा बदलायची अक्कल नसंल तर मेंढरं हाकायला जा. तुमच्या घराण्याला तेवढंच जमतं.”

सूर्यभानचे वडील देवगाव रंगारीकडं मेंढरं राखायचे. थोरला भाऊ अजून राखतो. त्यानं किल्ली बॉनेटवर ठेवली आणि चालत घरी गेला. तीन दिवस झाले, आलेला नाही.

आजपासून नाताळाआधीचा आगमनकाळ सुरू झाला. पाळकसाहेबांनी उपदेशात पायऱ्या सांगितल्या. नुसत्या विश्वासावर थांबू नका, म्हणाले. त्यावर ज्ञान चढवा, मग संयम, मग धीर, भक्ती, बंधुप्रेम आणि सगळ्यांत वर प्रीती. संकटात हाच जिना कामाला येतो. मला पटलं. जिने चढायला मी नवा नाही. क्लीनरचा ड्रायव्हर झालो, ड्रायव्हरचा मालक झालो. नाताळापर्यंत वर पोचायचा बेत आहे. विश्वास आहेच. ज्ञानही बऱ्यापैकी आहे. उद्यापासून संयम.

देवाचे उपकार, की दगड दोन बोटं खाली आला नाही. सूर्यभानचा डोळा वाचला.

१ डिसेंबर, बुधवार

सूर्यभान येईपर्यंत गाडी मीच चालवणार. दहा वर्षांत सवय मोडली, पण कान शाबूत आहेत. दुसरा गिअर जरा कुरकुरतो, ते मला गाडी सुरू होताच कळलं.

मुंजाबा पहिल्याच सीटवर असतो. प्रेस शॉपमधला जुना कामगार. तोंड बंद ठेवायचा पगार दिला तरी घेणार नाही.

“शेठ, गाडी चालवताय का नांगर?”

एरवी ऐकवलं असतं. आज म्हणालो, “दोन्ही चालवलंय, मुंजाबा.” गाडी हसली. संयमाची पायरी वाटते तेवढी अवघड नाही.

कंपनीच्या गेटवर व्यंकटराव भेटले. कंत्राटाच्या गाड्या त्यांच्याकडं असतात. बोलणं अगदी धुतलेलं. “याकोबराव, आमच्या दृष्टीनं गाडी वेळेवर आणि धडधाकट येणं महत्त्वाचं. पुन्हा असं झालं तर मला दुसरा विचार करावा लागेल. आणि तो ड्रायव्हर बदललात ना? बरं केलंत. बेजबाबदार माणूस.”

मी “हो साहेब” म्हणालो. कंत्राट टिकलं, त्याबद्दल उपकार मानले. रात्री जेवताना ते “हो साहेब” घशात अडकल्यासारखं वाटत होतं. भाकरी कोरडी असावी.

आशा हल्ली सकाळी दोन डबे भरते. दुसरा कुणाचा, विचारलं. “लागतो एकाला,” म्हणाली. आमच्या ख्रिस्ती मंडळीतल्या कुणाचं दुखणं असेल. तिचा स्वभावच तसा.

६ डिसेंबर, सोमवार

आजची तारीख अवघड, हे सगळ्यांना ठाऊक होतं. गाडीत कुणी बोलत नव्हतं. मुंजाबासुद्धा गप्प, म्हणजे बघा. संध्याकाळी परतताना चौक जवळ आला तसा मी सीटखाली हात घातला. ग्रीसचा डबा लागला, जॅक लागला, झेंडे नाहीत. दोन्ही नाहीत! मनात म्हटलं, प्रभो, आता तूच.

चौकात पोरं उभी होती. त्यांनी गाडीकडं पाहिलं, मग कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीकडं पाहिलं, आणि एकानं हात वर करून ‘जा’ म्हटलं. गेलो. पुढं छावणीपर्यंत आरशात मागं बघत राहिलो.

घरी येऊन आशाला विचारलं.

“ट्रंकेत ठेवलेत,” ती म्हणाली. “घडी करून.”

“मला न विचारता?”

“अहो, लोकं त्यांच्यापायी मार खातात, जीव देतात. आपण ते ग्रीसच्या डब्याशेजारी कोंबले होते. मला रोज वाईट वाटायचं.”

रागावणार होतो. पण संयमाचा आठवडा.

आणि खरं सांगायचं तर झेंड्याची गरज उरलेली नाही. आज माझ्या ध्यानात आलं ते हे, की तीस वर्षं मी या रस्त्यावर आहे. सगळा रस्ता मला ओळखतो. याकोबशेठची गाडी म्हटल्यावर कोण हात लावणार? विश्वासानं चालणाऱ्या माणसाचं नावच त्याच्या पुढं चालतं. हे पाळकसाहेबांनाही सांगायला हवं.

१० डिसेंबर, शुक्रवार

आज धीराची पायरी. ठरवलं, सूर्यभानला माफ करून टाकायचं. त्यानं झेंडा लावला नाही, ठीक आहे, चूक माणसाकडूनच होते. शेवटची सवारी उतरवली आणि गाडी त्याच्या गल्लीच्या तोंडाशी लावून त्याच्या दारात गेलो.

तो घरी नव्हता. त्याची बायको सुगंधाबाई चुलीपुढं होती.

“सांजच्याला नसतेत घरी,” ती म्हणाली.

“रोज?”

“सुट्टी सोडून रोज. दिवे लागल्यावर येत्यात.”

“काम लागलं का दुसरीकडं?”

“काम कशाचं.” तिनं पदर सारखा केला. “बसा. च्या टाकते.”

काम नाही आणि रोज संध्याकाळी बाहेर. मला काय ते कळलं. माणूस बाटलीकडं वळला असणार. वाईट वाटलं. म्हणालो, “त्याला सांगा, शेठ माफ करायला आले होते.”

सुगंधाबाईनं माझ्याकडं असं पाहिलं, की मला चहा गरम असूनही लवकर संपवावासा वाटला. फळीवर एक डबा होता, अगदी आमच्या डब्यासारखा, झाकणाला पोचा पडलेला. हल्ली सगळीकडं एकच माल मिळतो.

चौकातून येताना आजही पोरांनी हात केला. मीही हात केला. आता ओळखच झाली आहे म्हणा ना.

१९ डिसेंबर, रविवार

आठवडाभर लिहिलं नाही. लिहिण्यासारखं घडलं नाही. गाडी वेळेवर गेली, वेळेवर आली. उपकार.

प्रार्थनेत मात्र मन लागत नाही. भक्तीच्या पायरीवर येऊन थांबलोय. डोळे मिटले की व्यंकटरावांचा शब्द ऐकू येतो, बेजबाबदार. कान तिखट असण्याचा हा तोटा. माणसानं एकदा बोललेलं मला पुन्हा पुन्हा ऐकू येतं.

घरात करंज्या चालू आहेत. आशा म्हणाली, “जास्तीच्या करतेय.” मी विचारलं नाही.

२५ डिसेंबर, नाताळ

सकाळी देवळात माणूस मावत नव्हता. नवा शर्ट घालून पुढच्या बाकावर बसलो. पाळकसाहेबांनी साधाच उपदेश केला. तारणारा जन्मला ही खबर पहिल्यांदा कुणाला मिळाली? राजाला नाही, याजकाला नाही. रात्री रानात कळप राखणाऱ्या मेंढपाळांना. देवाला त्यांच्या घराण्याची लाज वाटली नाही, एवढं म्हणून ते पुढं गेले.

मी पुढं जाऊ शकलो नाही. माझंच वाक्य माझ्या कानात आलं, पडेगावच्या स्टॉपवरचं. माझे आजोबा गावकुसाबाहेरच्या वस्तीतून या देवळात आले. ‘तुमचं घराणं’ हे शब्द आमच्या घराण्यानं पोटभर खाल्लेत. तेच मी दुसऱ्याच्या ताटात वाढले, तेही आगमनकाळाच्या तोंडावर, मेंढरांचं नाव घेऊन. आणि महिनाभर मी त्याला माफ करायला निघालो होतो!

प्रभुभोजन घ्यायला उठवेना. आशानं माझ्याकडं पाहिलं. म्हणालो, “मी जाऊन येतो.” कुठं, हे तिनं विचारलं नाही. पिशवी हातात दिली. आत करंज्या होत्या. बांधूनच ठेवल्या होत्या.

आज कंपनी बंद, गाडी नाही. सूर्यभान घरी होता. दाराशी बसून चप्पल शिवत होता. कपाळावर ताजा व्रण.

“सूर्यभान, मी माफी मागायला आलोय.”

“मागल्या खेपेला माफ करायला आलते म्हनं.”

“ते चुकलं.”

“आन् आधीचं?”

“आधीचं तर लईच चुकलं.”

तो दोरा ओढत राहिला. मी उभाच. मग म्हणाला, “शेठ, दगडाचं काय नाय. दगड मारनाऱ्याला मी कोन ते ठावं नव्हतं. तुमाला ठावं व्हतं.”

मी करंज्यांची पिशवी त्याच्या शेजारी ठेवली. मग विचारलं, “त्या दिवशी झेंडा का नाही लावला?”

“लावनार व्हतो. आरशात पाहिलं तर मुंजाबा आन् बाजूचा वाघमारे एका डब्यात जेवत व्हते, सकाळचं उरलेलं. एकाच्या डोळ्यादेखत दुसऱ्याचा लावायचा, मंग फुडं जाऊन उलटं करायचं. मला लाज वाटली. म्हनलं, जाऊ दे तशीच.”

“मला सांगितलं का नाहीस?”

“तुमी काच बघत व्हते.”

सुगंधाबाई बाहेर आली आणि माझ्या हातात डबा दिला, पोचा पडलेल्या झाकणाचा. “आशावैनीला म्हनावं, उद्यापासून नका देऊ. ह्यांचं दुखनं सरलं.”

मी डबा घेतला.

“घरानं सगळ्या गाडीसमोर काढलं तुमी,” सूर्यभान म्हणाला. “माफी बी सगळ्या गाडीसमोर पायजे.”

“मागतो.”

“आन् उद्या रविवार हाय. त्रिंबकदादाचा कळप दौलताबाद रोडच्या कडंला एका रानात बसलाय. अक्कल लागती का नाय, एकदा हाकून बगा. मंग यीन गाडीवर.”

त्याचा चेहरा गंभीर होता. पण आतून सुगंधाबाईचं हसू मला ऐकू आलं.

घरी येऊन आशापुढं डबा ठेवला. “सांगायचं होतं ना!”

“तुम्ही पायऱ्या चढत होता,” ती म्हणाली. “म्हटलं, मधी कशाला हाक मारा.”

२६ डिसेंबर, रविवार

उपासना करून थेट रानात. त्रिंबक म्हणजे सूर्यभानचा थोरला भाऊ. बोलतो कमी, बघतो फार. माझ्या हातात काठी दिली आणि म्हणाला, “ह्या रानातून त्या रानात न्यायची. मधी रस्ता हाय, तेवढा जपा.”

एवढंच? मी पुढं झालो. मेंढरं उभीच. मी “चला” म्हणालो. एकीनं माझ्याकडं पाहिलं आणि चघळत राहिली. मी जरा आवाज चढवला, तर सगळी एकदम सुटली; निम्मी रस्त्याकडं, निम्मी शेजारच्या हरभऱ्यात. मी हरभऱ्याकडं धावलो तशी रस्त्यावरची उधळली. रस्त्यावरची वळवायला गेलो तर हरभऱ्यातली आणखी आत. हरभऱ्याचा मालक बांधावरून माझा उद्धार करत होता. एक ट्रकवाला थांबून खाली उतरला, मदतीला नाही, बघायला. नवा शर्ट बाभळीत अडकला तो तिथंच.

“शेठ, हॉर्न मारून नाय चालत ती!” सूर्यभान धुऱ्यावर बसून ओरडत होता. “हसवू नका, कपाळ ओढतंय माझं!”

शेवटी त्रिंबकनं जिभेनं नुसता एक आवाज काढला. हरभऱ्यातली एक म्हातारी मेंढी वळली आणि बाकीची तिच्या मागं वळली. ओरडणं नाही, धावणं नाही. इतकी वर्षं मी कानाच्या जोरावर धंदा केला. तो आवाज मी तिथंच दहादा काढून पाहिला. एकाही मेंढीनं मान वर केली नाही.

दुपारी तिघं बांधावर जेवलो. त्रिंबकनं आपली भाकरी मोडून अर्धी माझ्या हातावर ठेवली. आजचं माझं प्रभुभोजन तेच, असं लिहितो. पाळकसाहेबांना चालेल की नाही, विचारणार नाही. भाकरी अजिबात कोरडी नव्हती.

२७ डिसेंबर, सोमवार

पडेगावच्या स्टॉपवर सगळी माणसं बसल्यावर सूर्यभानला दारात उभं केलं आणि मी बॉनेटजवळ उभा राहिलो. म्हणालो, “त्या दिवशी मी सूर्यभानला घराण्यावरून बोललो. ते नीच बोलणं होतं. दोन झेंड्यांची शक्कलही माझीच, त्याची चूक नव्हती. मी त्याची माफी मागतो.”

मग मुंजाबा, “शेठ, जोरात! मागच्या सीटला ऐकू नाय आलं.”

जोरात म्हणालो. दुसऱ्यांदा सोपं गेलं.

मागून कुणीतरी ओरडलं, “मेंढरं कशी हाकली, ते बी सांगा!” म्हणजे ती खबर आमच्या आधी गाडीत पोचली होती. सूर्यभाननं किल्ली फिरवली. दुसरा गिअर पडला, कुरकुरला नाही. गिअर नव्हे, माझाच पाय वाईट होता.

३ जानेवारी १९९४, सोमवार

व्यंकटरावांना आज गाठलं. म्हणालो, “साहेब, तो ड्रायव्हर परत घेतलाय. बेजबाबदार तो नव्हता, मी होतो. तुम्ही म्हणालात तेव्हा मी हो म्हणालो, ते खोटं होतं.” कंत्राट जाणार हे धरूनच गेलो होतो.

त्यांनी चष्मा काढून पुसला. “याकोबराव, मला हे लिहून वर पाठवावं लागणार नाही ना?”

“नाही साहेब.”

“मग गाडी वेळेवर आणा.” आणि मी वळल्यावर हळूच, “टाके निघाले का त्याचे?”

देवानं या माणसालाही काळीज दिलंय. मी ते कधी पाहिलंच नव्हतं.

१५ जानेवारी, शनिवार

काल विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं. कुठं पेढे वाटले गेले, कुठं दारं बंद राहिली. मला बरं वाटलं. आजोबांना वाटलं असतं, तसं.

आज गाडी न्यायची की नाही, सकाळी प्रश्न होता. सूर्यभान म्हणाला, “न्यायची. मानसं थांबली असतील.” मी त्याच्या शेजारी बॉनेटवर बसून गेलो. समोर झेंडा नाही, सीटखालीही नाही. वाघमारेनं पेढे आणले होते. मुंजाबानं दोन उचलले आणि म्हणाला, “नावाबद्दल आपलं भांडन हाय, पेढ्याबद्दल नाय.” वाघमारे म्हणाला, “मंग भांडत भांडत तिसरा घे.” सगळं एका दिवसात गोड होत नाही. पण गाडी भरलेली होती.

संध्याकाळी परतताना चौकात पोरांनी हात केला. मी रोजच्यासारखा हात वर केला. सूर्यभाननं गाडी कडेला घेतली आणि चहा सांगितला. टपरीवाला कडूबा ग्लास घेऊन आला आणि सूर्यभानला म्हणाला,

“काय मामा, तुझं बाकडं रिकामंच राहतंय आता.”

“कसलं बाकडं?” मी विचारलं.

“आवो, महिनाभर इथंच बसायचा ना रोज सांजच्याला. कपाळाला पट्टी बांधून. एक च्या घ्यायचा आन् ही गाडी पार जाईस्तवर उठायचा नाय. पोरं म्हनायची, मामा, घरी जा. हा म्हनायचा, गाडी गेली की जातो. त्याच्या तोंडाकडं बघून कोन दगड उचलंल?”

मी सूर्यभानकडं पाहिलं. तो चहात फुंकर घालत होता.

“सांजचं काम काय व्हतं मला,” म्हणाला.

मी ज्या काळात पायऱ्या मोजत होतो, त्या काळात कुणीतरी माझी गाडी रोज या चौकातून पार करून देत होतं. देवाचे उपकार किती मानू आणि कुणाच्या नावानं मानू, ते आज कळेना.

रोज हात करणाऱ्यांतला एक जण खिडकीशी आला. माझ्याकडं बघून सूर्यभानला म्हणाला, “मामा, हे कोन?”

“मालक.”

“मालक हाय व्हय हिला?” तो म्हणाला. “आमाला वाटलं, गाडी तुझीच.”